शिरगणतींतलीं गांवें आणि इतिहासांतलीं गांवें

कोणत्याहि जिल्ह्याचा इतिहास लिहावयास बसलेल्या ग्रंथकारापुढें पहिला प्रश्न उभा राहतो तो हा कीं, इतिहास कोणत्या ठिकाणाचा लिहावयाचा? ज्या ठिकाणीं किल्ला आहे, लेणें आहे, बंदर आहे, निदान नगरपालिका तरी आहे, त्याच्याविषयीं हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. पण ज्याला यांपैकीं कांहींच नाहीं, जेथें शें-दोनशें घरें, एक तळें, एक गांवदेवी आणि भाताचीं खाचरें एवढीच काय ती दौलत, त्या ठिकाणाचा इतिहास कोणीं लिहावा आणि कशासाठीं लिहावा? ठाणें जिल्ह्याविषयीं आजवर झालेलें लेखन या एका प्रश्नाच्या दृष्टीनें तपासून पाहावें असें आम्हांस पुष्कळ दिवसांपासून वाटत होतें. कल्याण आणि डोंबिवली यांच्या भोंवतीं पसरलेल्या २७ गांवांचा वाद गेलीं कित्येक वर्षें कचेऱ्यांत आणि न्यायालयांत फिरत असल्यामुळें ही तपासणी आतां नुसत्या पांडित्याची बाब राहिलेली नाहीं.

आरंभीं नांव घ्यावयाचें तें अर्थातच मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचें. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादकत्वाखालीं ठाणें जिल्ह्याचे खंड १८८२ सालीं बाहेर पडले. तेराव्या खंडाच्या दोन भागांत भूमि, लोक, शेती, व्यापार, इतिहास, कारभार असे विषय आले, आणि चौदावा खंड पाहण्याजोग्या स्थळांस वाहिला गेला. या ग्रंथाच्या थोरवीविषयीं दुमत होण्याचें कारण नाहीं. पंडित भगवानलाल इंद्रजींसारख्या विद्वानाचें ज्ञान त्यांत उतरलें आहे. कल्याणच्या प्राचीन व्यापाराविषयीं, शके ९८२ चा शिलालेख धारण करणाऱ्या अंबरनाथच्या देवालयाविषयीं किंवा सोपाऱ्याविषयीं आजहि ज्याला कांहीं लिहावयाचें असेल, त्याला हीं पानें चाळल्यावांचून गत्यंतर नाहीं.

परंतु या ग्रंथाची रचनाच अशी आहे कीं, साधें गांव तिच्या फटींतून खालीं पडतें. लोकांचें वर्णन करावयाचें तें जातवार, आणि ठिकाणांचें वर्णन करावयाचें तें ठिकाण पाहण्याजोगें असेल तरच, असा तिचा दंडक. त्यामुळें आगरी, कोळी, वारली, ठाकूर, कातकरी यांची घरें कशीं, पोशाख कसा, लग्नविधि कोणते हें आपणांस कळतें. पण हे लोक ज्या गांवांत एकत्र नांदले त्या गांवाचें काय, हें कळत नाहीं. आगरी मीठ पिकवितो आणि भात लावतो हें कळतें. पण अमुक गांवच्या आगऱ्यांनीं खाडीचें पाणी अडवून बांध केव्हां घातला आणि ती खार जमीन किती पिढ्यांनीं गोडी झाली, हें कळत नाहीं. जिल्ह्याचें क्षेत्रफळ ४,२४३ चौरस मैल आणि १८८१ च्या गणतीची लोकसंख्या ९,०८,५४८, असा अगदीं एककापर्यंतचा आंकडा दिलेला आहे. मात्र या नऊ लाखांपैकीं बहुतेक माणसें ज्या साध्या गांवांत राहत होतीं, त्या गांवांना स्थळांच्या खंडांत जागा नाहीं.

ग्रंथकार परके होते, त्यांची नजर महसुलावर होती, असें म्हणून हा दोष झटकून टाकणें सोपें आहे. पण बरोबर शंभर वर्षांनीं, १९८२ सालीं, महाराष्ट्र शासनानें ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरची सुधारलेली आवृत्ति काढली. राज्य आपलें, लिहिणारे आपले, तरी स्थळांच्या प्रकरणाची घडण जुनीच राहिली. तेव्हां दोष परकेपणाचा नसून दृष्टीचा आहे, असेंच म्हणणें भाग पडतें. जें ठिकाण प्रवाशानें पाहण्याजोगें, तेंच इतिहासानें सांगण्याजोगें, हा समज आपण इंग्रज अधिकाऱ्यांपासून घेतला आणि तो आजवर टाकला नाहीं.

हा समज आपल्याकडे पूर्वापार होता असें मात्र दिसत नाहीं. याच प्रदेशावर राज्य करणाऱ्या शिलाहारांचे लेख वा. वि. मिराशी यांनीं संपादिले आणि ते १९७७ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांतील दानपत्रें पाहिलीं म्हणजे मौज वाटते. गांव किंवा शेत दान दिलें कीं त्याच्या चारी दिशांच्या सीमा सांगावयाच्या. पूर्वेस काय, दक्षिणेस काय, कोठें ओहोळ, कोठें शेजारचें गांव. राजाची स्तुति वाटेल तेवढी अलंकारिक असो, सीमा सांगतांना लेखकाचे पाय जमिनीवर येतात. त्या काळीं गांव नगण्य असेल. पण तें आपल्या शिवेनें ओळखलें जात होतें. पुढें आपण पाहणार आहों तो सारा घोटाळा ही शीव हरविल्याचा आहे.

मराठींत या प्रश्नाकडे निराळ्या वाटेनें जाणारा ग्रंथ म्हणजे इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १९२४ सालीं छापलेली ‘महिकावतीची बखर’ आणि तिची दीर्घ प्रस्तावना. बखर निरनिराळ्या काळीं निरनिराळ्या हातांनीं लिहिली गेलेली. तिच्यांत राजे आहेत, लढाया आहेत. पण त्यांच्या जोडीला गांवांचीं नांवें आहेत, कोणाला कोणतें गांव मिळालें याच्या हकीकती आहेत. राजवाड्यांनीं प्रस्तावनेंत राजांना अंमळ बाजूला सारून उत्तर कोंकणांत कोणते लोक कोणत्या क्रमानें वसले हा प्रश्न पुढें ओढला, हें त्यांच्या प्रतिभेचें लक्षण होय. त्यांच्या व्युत्पत्ति पुष्कळ ठिकाणीं ओढाताणीच्या आहेत. एखादें सूत्र हातीं लागलें कीं त्याच्यामागें धांवतांना पुरावा मागें राहिल्याचें भान त्यांस राहत नाहीं. तथापि गांवाचें नांव हाहि एक कागदच आहे आणि तो वाचला पाहिजे, ही त्यांची दृष्टि आमच्या मतें गॅझेटियरच्या सर्व खंडांहून मोलाची आहे.

या दृष्टीनें डोंबिवलीच्या आसपासचीं नांवेंच घ्या. नांदिवली, पिसवली, गोळवली, आडिवली, घारिवली. यांच्या शेवटचा ‘वली’ जुन्या ‘पल्ली’शीं जोडला जातो, आणि डोंबिवली हें नांवहि त्याच माळेंतलें. म्हणजे आज जें लाखों वस्तीचें शहर म्हणून मिरवतें, तें नांवावरून पाहतां पिसवली-गोळवलीचेंच भावंड. एकाच्या दाराशीं रेल्वेचें स्टेशन आलें आणि तें मोठें झालें, इतकाच काय तो फरक. सोनारपाडा आणि चिंचपाडा हीं नांवें ‘पाडा’ या शब्दानें आपलें मूळचें लहानपण सांगतात. उंबरोलीनें आपल्या नांवांत उंबर जपला आहे. परंतु सर्वांत बोलकें नांव नांदिवलीचें. या टापूंत नांदिवली दोन; एक ‘तर्फ पंचानंद’ आणि दुसरी ‘तर्फ अंबरनाथ’. तर्फ हा जुन्या महसुली व्यवस्थेंतला गांवांचा गट. ती व्यवस्था केव्हांच मोडली; तालुके आले, ग्रामपंचायती आल्या, महापालिका आली. पण दोन बहिणींना वेगळें ओळखतां यावें म्हणून गांवांनीं तो शब्द आपल्या नांवांत बांधून ठेवला. जें दफ्तरानें टाकलें तें नांवानें राखलें, याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गांव-गाडा’चा उल्लेख येथें केल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. १९१५ सालीं प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ गांवाला ग्रंथविषयाची प्रतिष्ठा देणारा मराठींतला अग्रणी ग्रंथ होय. वतनदार, बलुतेदार, फिरस्ते, जत्रा, उधळपट्टी यांविषयीं आत्र्यांनीं जें लिहिलें, त्याची भाषा आणि निर्भीडपणा आजहि ताजा वाटतो. मात्र त्यांचें गांव हें देशावरचें गांव आहे. पांढरी आणि काळी, गांवकूस आणि वेस, बारा बलुत्यांची बांधीव चौकट, हें चित्र खाडीकांठच्या गांवाला जसेंच्या तसें बसत नाहीं. येथें वस्ती पाड्यापाड्यांनीं विखुरलेली, बलुत्यांची चौकट सैल, आणि उपजीविका निम्मी भातावर तर निम्मी मीठ, मासळी व शहरच्या बाजारावर. शिवाय आत्र्यांनीं गांवगाडा कसा चालतो हें सांगितलें. एखादें विशिष्ट गांव कसें बदललें हें सांगणें हा त्यांचा विषय नव्हता. तेव्हां तें काम राहिलेंच.

अशा रीतीनें इतिहासकारांनीं गांव सोडलें आणि तें शिरगणतीच्या हवालीं झालें. १८८१ पासून दर दहा वर्षांनीं माणसें मोजण्याचा क्रम आपल्याकडे चालू झाला, आणि १९५१ पासून जिल्ह्याजिल्ह्याचे गणती-ग्रंथ निघूं लागले. त्यांत प्रत्येक खेड्याला एक ओळ मिळते: नांव, क्षेत्र, घरें, पुरुष, स्त्रिया. ज्या गांवांवर गॅझेटियरनें एक वाक्य खर्चिलें नाहीं, त्याला येथें निदान आपली अशी एक ओळ मिळाली, याबद्दल शिरगणतीचे आभारच मानले पाहिजेत. परंतु ही ओळ गांवाच्या मालकीची नाहीं. सरकारनें हद्द हालविली कीं ओळ पुसली जाते. गांव नगरपालिकेंत गेलें कीं त्याचे लोक शहराच्या बेरजेंत मिसळतात आणि गांवाचें नांव एखाद्या प्रभागाच्या पोटांत नाहींसें होतें. मोठ्या प्रदेशाचेंहि असेंच होतें. १८८१ च्या ठाणें जिल्ह्यांत पनवेल होतें, पुढें तें कुलाब्याकडे गेलें. १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर निराळा जिल्हा झाला. ‘ठाणें जिल्हा’ हे दोन शब्द कायम राहिले, पण त्यांच्या आंतली भूमि प्रत्येक वेळीं वेगळी. पण जिल्ह्याची बेरीज चुकली तर ती दुरुस्त करावयास विद्वान पुष्कळ मिळतात. गांवासाठीं तो श्रम कोण करणार?

कल्याण-डोंबिवलीच्या २७ गांवांची कथा या दृष्टीनें मुळांतून वाचण्यासारखी आहे. भोपर, संदप, उसरघर, निळजे, काटई, कोळे, हेदुटणे, घेसर, दावडी, सोनारपाडा, सागांव, माणगांव, आजदे, गोळवली, पिसवली, दोन्ही नांदिवल्या, आशेळे, माणेरे, वसार, द्वारली, भाल अशीं हीं गांवें. १९८३ सालीं कल्याणची महानगरपालिका स्थापन झाली तेव्हां तीं तिच्या हद्दींत गेलीं. २००२ च्या जुलैंत त्यांना वगळण्यांत आलें. १ जून २०१५ पासून पुन्हां घेण्यांत आलें. २०२० च्या जूनमध्यें त्यांतलीं १८ गांवें काढून त्यांची निराळी नगरपरिषद करण्याची अधिसूचना निघाली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत मुंबई उच्च न्यायालयानें ती रद्द ठरविली. चाळीस वर्षांत गांव जागचें हाललें नाहीं, पण त्याचा पत्ता इतक्या वेळां बदलला!

आतां याचा शिरगणतीवर काय परिणाम झाला तें पाहा. २००१ च्या गणतीच्या वेळीं हीं गांवें महापालिकेंत होतीं. शहराची लोकसंख्या भरली सुमारें ११ लाख ९३ हजार. २०११ च्या वेळीं तीं बाहेर होतीं. शहराची लोकसंख्या भरली सुमारें १२ लाख ४७ हजार. दोन आंकडे शेजारीं ठेवले तर दहा वर्षांत वाढ जेमतेम साडेचार टक्के! त्याच दहा वर्षांत सारा ठाणें जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटि १० लाखांवर, म्हणजे सुमारें ३६ टक्क्यांनीं वाढला होता. सकाळच्या लोकलच्या दाराला लोंबकळणाऱ्या कोणत्याहि डोंबिवलीकराला विचारा, त्याच्या शहराची वाढ थांबली होती काय म्हणून, तो हंसेल. २७ गांवें पुन्हां घेतल्यावर त्याच २०११ च्या गणतीच्या आधारें महापालिकेची लोकसंख्या १५ लाख १८ हजारांवर धरण्यांत आली. ही बेरीज घेतली तर दहा वर्षांतली वाढ सुमारें २७ टक्के येते. एकच शहर, एकच गणती, आणि लोकसंख्या दोन. मधले पावणेतीन लाख लोक कोठें होते? ते आपापल्या घरींच होते. फिरली होती ती रेघ.

कोणी म्हणेल, असे फेरफार टीपेंत नमूद केलेले असतात. अभ्यासकानें टीप वाचावी म्हणजे झालें. आक्षेप अगदींच चुकीचा नाहीं. हद्दबदलाची नोंद ठेवण्यांत गणती-खातें हयगय करतें असें आमचें म्हणणें नाहीं. पण टीप वाचून शहराचा आंकडा दुरुस्त होतो, गांवाची हकीकत हातीं येत नाहीं. या पावणेतीन लाखांपैकीं जुन्या गांवठाणांतले किती आणि भोंवतालच्या चाळींत व इमारतींत नव्यानें आलेले किती, हें कोणती टीप सांगते? निळजे-काटईच्या बाजूस ‘पलावा’सारखी मोठी वसाहत उभी राहिली, सागांव-सोनारपाड्याच्या शेजारीं साठाच्या दशकापासून कारखान्यांची वसाहत वाढत गेली. गांवाची संख्या फुगली म्हणजे गांव वाढलें असें म्हणावयाचें, कीं गांव बुडालें असें म्हणावयाचें? शिरगणतीला या दोहोंतला फरक ओळखतां येत नाहीं. तो ओळखणें हें इतिहासाचें काम आहे.

गणतीनें या मधल्या अवस्थेला एक नांव मात्र दिलें आहे. जेथें पांच हजारांवर वस्ती आहे, कामकरी पुरुषांपैकीं निदान ७५ टक्के शेतीबाहेर आहेत आणि दर चौरस किलोमीटरला निदान ४०० माणसें राहतात, पण नगरपालिका मात्र नाहीं, त्या ठिकाणाला ‘जनगणना-नगर’ म्हणावयाचें. भारतांत अशीं नगरें २००१ सालीं १,३६२ होतीं, तीं २०११ सालीं सुमारें ३,९०० झालीं. अमेरिकेंतहि ज्या वस्त्यांना स्वतःची नगरसत्ता नाहीं, त्यांची निराळी मोजदाद १९५० पासून प्रसिद्ध होऊं लागली. म्हणजे कागदोपत्रीं खेडें आणि प्रत्यक्षांत शहर, ही स्थिति कांहीं आपल्याच नशिबीं आलेली नाहीं. मात्र नांव दिल्यानें ओळख पटते असें नव्हे. ‘जनगणना-नगर’ हा शब्द त्या ठिकाणीं राहणाऱ्या एकाहि माणसाच्या तोंडीं नाहीं. त्याला विचाराल तर तो म्हणेल, मी भालचा, मी संदपचा.

मग गांवाचा इतिहास लिहावा तरी कसा? याचा एक उत्तम नमुना महाराष्ट्रांतच आहे. पुण्याजवळच्या लोणीकंद या गांवाची पाहणी डॉक्टर टॉमस कोट्स यांनीं पेशवाई बुडाल्यानंतर लगेच केली; ती मुंबईच्या साहित्य-संस्थेच्या ग्रंथमालेंत १८२३ सालीं छापली गेली. गो. स. घुर्ये यांनीं त्याच गांवाकडे पुन्हां जाऊन, सव्वाशें वर्षांत तेथें काय बदललें आणि काय टिकलें याचा ग्रंथ १९६० सालीं प्रसिद्ध केला. लोणीकंदला ना राजधानीचें वैभव, ना तीर्थक्षेत्राचें. तरी एका गांवाकडे दोनदां नीट पाहिलें तर किती सांगतां येतें, हें त्या दोन लेखनांनीं दाखवून दिलें. इंग्लंडांत १८९९ पासून परगण्यांच्या इतिहासाची एक मोठी माला चालली आहे. तिच्यांत प्रत्येक लहानशा पॅरिशचा इतिहास क्रमानें घ्यावयाचा, तें पाहण्याजोगें असो वा नसो, असा संकल्प आहे. ती अद्याप पुरी झालेली नाहीं. पण संकल्प योग्य आहे, आणि आपणांस अनुकरणच करावयाचें असेल तर तें याचें करावें.

ठाण्याच्या गांवांसाठीं साधनें नाहींत असें तर मुळींच नाहीं. जमिनीच्या फेरफारांच्या नोंदवह्या आहेत. त्यांत कोणती शेतें कोणत्या सालीं कोणाच्या हातांतून कोणाच्या हातीं गेलीं याचा हिशेब पडून आहे. शाळांचे जुने दाखले आहेत. आगरी लग्नांत धवलारिणी म्हणतात त्या धवल्यांत देवांचीं, सोयऱ्याधायऱ्यांचीं नांवें आहेत. तीं म्हणणाऱ्या बाया थकत चालल्या आहेत. हीं साधनें एकमेकांशीं ताडून पाहिलीं तर जें निघेल त्याला आम्ही इतिहास म्हणूं. जत्रेच्या निमित्तानें निघणाऱ्या स्मरणिकांना मात्र तो मान देतां येत नाहीं; कारण त्यांत बहुधा गांवाचें मूळ एखाद्या पुराणकथेंत नेऊन सोडतात आणि तेथून थेट चालू वर्षाच्या देणगीदारांवर उडी मारतात. मधलीं शेंकडों वर्षें, ज्यांत कोणीं बांध घातला, कोणीं जमीन गमावली, तींच काय तीं गळतात.

आणि या गळतीची किंमत गांवांना मोजावी लागते. नेवाळीच्या धावपट्टीसाठीं दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत आसपासच्या गांवांच्या जमिनी घेतल्या गेल्या. पाऊणशें वर्षें लोटल्यावर, २०१७ च्या जूनमध्यें, त्याच जमिनींवरून शेतकऱ्यांचें आंदोलन पेटलें. कोणाचा दावा खरा हें ठरविण्याचें काम आमचें नव्हे. परंतु ज्या गांवाचा इतिहास लिहिलेला आहे, तें गांव अशा वेळीं कागद पुढें ठेवून बोलतें. ज्याचा लिहिलेला नाहीं, त्याला रस्त्यावर यावें लागतें, एवढें तरी कोणीहि मान्य करील.

२०२१ ची शिरगणती झालीच नाहीं. तिच्या जागीं १ मार्च २०२७ ही संदर्भतिथि धरून नवी गणती जाहीर झाली आहे. २७ गांवें शहराच्या हद्दींत धरून ती झाली, तर २०११ च्या सुटलेल्या आंकड्याशेजारीं नवा आंकडा ठेवून लोक म्हणतील, कल्याण-डोंबिवली एकाएकीं केवढी वाढली! पूर्वीं वाढ उगाच खुजी दिसली, आतां उगाच प्रचंड दिसेल. दोन्ही वेळां घोटाळ्याच्या मुळाशीं तींच गांवें, आणि दोन्ही वेळां त्यांचें नांव कोणी घेणार नाहीं. म्हणून आमची सूचना साधी आहे. या भागांतल्या महाविद्यालयांनीं आणि ग्रंथालयांनीं एकेक गांव वांटून घ्यावें. त्याची शीव, त्याचें नांव, त्याचीं घराणीं, त्याच्या जमिनीची हकीकत आणि १८८१ पासूनचा त्याच्या वस्तीचा मिळेल तेवढा हिशेब, इतकें तरी प्रत्येकाचें पन्नास पानांत लिहून काढावें. सरकारची रेघ पुढेंहि हालत राहील. ती थोपविणें इतिहासकाराच्या हातीं नाहीं. मात्र रेघेच्या अलीकडे असो वा पलीकडे, नांदिवली ही नांदिवली म्हणून ओळखूं यावी, एवढें त्याच्या हातीं खास आहे.